मेडिकेअर आणि मेडिकेड एकत्र मिळवताना: अमेरिकेतील आई-वडिलांसाठी कामाचा क्रम

अमेरिकेत मुलाकडे किंवा मुलीकडे राहायला आलेल्या, ग्रीन कार्डाची पाच वर्षे पूर्ण केलेल्या, पण इथे कधीच नोकरी न केलेल्या पासष्टीपुढील व्यक्तीला मेडिकेअर हा सरकारी आरोग्य विमा मिळू शकतो. मात्र २०२५ साली तिला त्याच्या भाग ए (रुग्णालयाचा खर्च) साठी दरमहा ५१८ डॉलर आणि भाग बी (डॉक्टर व रुग्णालयाबाहेरचे उपचार) साठी १८५ डॉलर, म्हणजे एकूण ७०३ डॉलर हप्ता पडत होता. दोघे असतील तर वर्षाला १६,८७२ डॉलर. हा आकडा ऐकून बहुतेक घरांत विषय तिथेच मिटतो: एक तर फक्त भाग बी घेतला जातो, नाही तर मुलगा महिन्याच्या महिन्याला पैसे भरत राहतो. आई-वडिलांचे स्वतःचे उत्पन्न आणि मालमत्ता ठरावीक मर्यादेखाली असेल, तर हाच हप्ता राज्य सरकार मेडिकेडच्या, म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीच्या आरोग्य योजनेच्या, निधीतून भरू शकते, हे पुष्कळांना माहीत नसते. आणि ज्यांना माहीत असते त्यांतले अनेक जण चुकीच्या क्रमाने अर्ज करून नकार पदरी घेतात. या लेखात तो क्रम सांगितला आहे. यातील आकडे, वेगळे सांगितले नसेल तिथे, २०२५ सालचे आहेत. हप्ते दर जानेवारीत बदलतात आणि उत्पन्नाच्या मर्यादा त्यानंतर थोड्या दिवसांनी, त्यामुळे अर्ज करताना त्या वर्षाचा आकडा तपासून घ्यावा.

दोन योजना, दोन कार्यालये

दोन्ही योजना एकाच कायद्याने, ३० जुलै १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या सहीने अस्तित्वात आल्या, पण त्यांचा पिंड वेगळा आहे. मेडिकेअर ही केंद्र सरकारची योजना आहे. ती वय, अपंगत्व किंवा विशिष्ट आजार पाहून मिळते आणि तिथे आपण श्रीमंत आहात की गरीब हे पात्रतेसाठी विचारले जात नाही. तिची नोंदणी सोशल सिक्युरिटीच्या, म्हणजे निवृत्ती व अपंगत्व वेतन देणाऱ्या केंद्रीय यंत्रणेच्या, कार्यालयात होते. मेडिकेड केंद्र आणि राज्य मिळून चालवतात. ती उत्पन्न आणि मालमत्ता पाहून मिळते, प्रत्येक राज्यात तिचे नियम आणि बहुधा नावही वेगळे असते (कॅलिफोर्नियात मेडी-कॅल, न्यू जर्सीत एनजे फॅमिलीकेअर), आणि तिचा अर्ज राज्याच्या किंवा काउंटीच्या कार्यालयात जातो. दोन्ही मिळालेल्या व्यक्तीला दुहेरी पात्र म्हणतात. असे लोक देशात एक कोटी वीस लाखांच्या घरात आहेत, म्हणजे हा काही आडवाटेचा अपवाद नाही.

दुहेरी पात्रतेसाठी वेगळा अर्ज नसतो, हे आधी मनाशी पक्के करावे. दोन्ही पात्रता आपापल्या ठिकाणी सिद्ध कराव्या लागतात आणि त्या एकत्र आल्या की लाभ आपोआप जुळतात. उपचाराचे बिल आधी मेडिकेअर भरते आणि मेडिकेड सर्वांत शेवटी येते.

पहिली पायरी: मेडिकेअर

स्वतः किंवा जोडीदाराने अमेरिकेत सोशल सिक्युरिटीचा कर भरून ४० तिमाह्या, म्हणजे साधारण दहा वर्षे काम केले असेल, तर भाग ए विनाहप्ता मिळतो. २०२५ मध्ये १,८१० डॉलरच्या कमाईला एक तिमाही मिळत होती आणि वर्षात जास्तीत जास्त चार. भारतातील नोकरीची वर्षे इथे धरली जात नाहीत; दोन देशांत सामाजिक सुरक्षेचा करारच नाही, त्यामुळे तीस वर्षे भविष्य निर्वाह निधी भरलेल्या माणसाच्याही नावावर इथे शून्य तिमाह्या असतात. मुलाच्या तिमाह्या आई-वडिलांना लागू होत नाहीत. नवरा-बायकोच्या मात्र एकमेकांना उपयोगी पडतात, म्हणून वडिलांनी इथे येऊन दुकानात किंवा शाळेच्या बसवर काही वर्षे काम केले असेल, तर ती वर्षे आईच्याही बाजूने मोजून पाहावीत. ३० ते ३९ तिमाह्या झाल्या असतील तर भाग ए चा हप्ता २०२५ मध्ये ५१८ ऐवजी २८५ डॉलर होता.

काम मुळीच झालेले नसेल तर अट अशी की वय किमान ६५ असावे, ग्रीन कार्ड असावे आणि अर्जाच्या लगेच आधीची सलग पाच वर्षे अमेरिकेत वास्तव्य असावे. ही पाच वर्षे ज्या महिन्यात पूर्ण होतात त्याच्या तीन महिने आधीपासून तीन महिने नंतरपर्यंत, असा सात महिन्यांचा नोंदणीचा काळ मिळतो. तो हुकला तर दर वर्षीच्या १ जानेवारी ते ३१ मार्चपर्यंत थांबावे लागते आणि भाग बी च्या हप्त्यावर उशिराच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे दहा टक्के दंड कायमचा चढतो. म्हणून ग्रीन कार्डावरची तारीख पाहून कॅलेंडरवर आतापासूनच खूण करून ठेवावी.

पासष्टीच्या आतल्या लोकांची वाट वेगळी आहे: सोशल सिक्युरिटीचे अपंगत्व वेतन सुरू झाल्यापासून २४ महिन्यांनी मेडिकेअर मिळते. एएलएस या स्नायू दुबळे करत जाणाऱ्या आजारात ही प्रतीक्षा नाही, आणि मूत्रपिंड पूर्ण निकामी झाल्यास स्वतंत्र नियम आहेत. या गटातील कमी उत्पन्नाच्या लोकांना मधल्या दोन वर्षांत मेडिकेड आधार देते.

भाग ए आणि बी यांपैकी फक्त बी घेता येतो. फक्त ए विकत घेता येत नाही. ज्यांना पुढे वर्ष-दोन वर्षांत राज्याची मदत मिळण्याची शक्यता आहे, त्यांनी मुदतीत भाग बी घ्यावा आणि भाग ए चे महागडे ओझे तूर्त उचलू नये, असे माझे मत आहे, कारण राज्य पुढे हप्ता भरू लागले की उशिराचा दंड आकारला जात नाही. अर्थात मधल्या काळात रुग्णालयात दाखल होण्याचा खर्च अंगावर असतो, तेव्हा हृदयविकार किंवा कर्करोग असलेल्या व्यक्तीसाठी हा सल्ला नाही. फक्त बी असताना मेडिकेअर ॲडव्हान्टेजची, म्हणजे खासगी कंपनीमार्फत मिळणारी मेडिकेअर योजना घेता येत नाही, हेही ध्यानात असावे. त्यासाठी ए आणि बी दोन्ही लागतात.

दुसरी पायरी: ग्रीन कार्ड, स्पॉन्सर आणि नागरिकत्व

बहुतेक अर्ज अडतात ते इथे. आई-वडिलांचे ग्रीन कार्ड करताना मुलाने आय-864 या अर्जावर सही केलेली असते. त्या सहीचा अर्थ असा की, आई-वडिलांनी उत्पन्नावर आधारित सरकारी मदत मागितली तर स्पॉन्सरचे (सही करणाऱ्या मुलाचे) आणि त्याच्या जोडीदाराचे उत्पन्न आई-वडिलांचेच आहे असे धरले जाऊ शकते, आणि दिलेल्या मदतीची रक्कम सरकार स्पॉन्सरकडे मागू शकते. मेडिकेअर या प्रकारात मोडत नाही, मेडिकेड मोडते. ही जबाबदारी आई-वडील नागरिक होईपर्यंत किंवा त्यांच्या ४० तिमाह्या पूर्ण होईपर्यंत राहते. पाच वर्षे झाली की ती संपते, असा समज सर्वत्र ऐकू येतो आणि तो चुकीचा आहे.

पाच वर्षांचा संबंध दुसऱ्याच नियमाशी आहे. १९९६ च्या कायद्याने, २२ ऑगस्ट १९९६ नंतर आलेल्या ग्रीन कार्डधारकांना पहिली पाच वर्षे केंद्राच्या निधीतील मेडिकेड बंद केले. काही राज्ये स्वतःच्या पैशातून या काळातही काही मदत देतात. उलट टेक्साससारखे राज्य पाच वर्षांनंतरही ग्रीन कार्डधारकाकडून ४० तिमाह्यांची अपेक्षा ठेवते. म्हणजे टेक्सासमधल्या डॅलसमध्ये राहणाऱ्या आईला आणि न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये राहणाऱ्या तिच्या बहिणीला, सगळी कागदपत्रे सारखी असूनही, वेगवेगळी उत्तरे मिळू शकतात.

या सगळ्या गाठी नागरिकत्वाने सुटतात. आई-वडील नागरिक झाले की स्पॉन्सरचे उत्पन्न मोजले जात नाही, पाच वर्षांची अट उरत नाही आणि टेक्साससारख्या राज्यातली तिमाह्यांची अटही गळून पडते. त्यानंतर वृद्धांच्या मेडिकेडसाठी फक्त त्या दोघांचे उत्पन्न आणि मालमत्ता पाहिली जाते. सज्ञान मुलगा त्याच घरात राहत असला आणि त्याचा पगार कितीही मोठा असला तरी तो धरला जात नाही. म्हणून स्पॉन्सरची कमाई चांगली असलेल्या घरांना माझा सल्ला असा आहे की, मेडिकेअरची नोंदणी पाच वर्षांच्या टप्प्यावर करावी, मेडिकेडचा अर्ज मात्र नागरिकत्वानंतर करावा.

नागरिकत्वाचा एन-400 हा अर्ज पाच वर्षे पूर्ण होण्याच्या ९० दिवस आधी देता येतो. वयामुळे इंग्रजीची परीक्षा माफ होते असे गृहीत धरू नये: ५५ वर्षांवरील व्यक्तीला ती सूट मिळण्यासाठी ग्रीन कार्डावर १५ वर्षे वास्तव्य झालेले असावे लागते, ५० वर्षांवरील व्यक्तीला २० वर्षे. साठीनंतर आलेल्या पालकांना ही सूट पाच वर्षांत मिळत नाही. विस्मरणाचा आजार किंवा तशा अन्य वैद्यकीय कारणासाठी एन-648 हा डॉक्टरांनी भरलेला अर्ज आहे. दुसरी बाजूही तोलावी लागते. अमेरिकेचे नागरिकत्व घेतले की भारताचे जाते. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांसाठीचे ओसीआय कार्ड मिळाले तरी त्यावर शेतजमीन विकत घेता येत नाही. गावाकडे जमिनीचे काही व्यवहार व्हायचे असतील तर ते कोणत्या टप्प्यावर करायचे, हे शपथविधीच्या आधी घरात बसून ठरवावे.

तिसरी पायरी: किती मदत मिळेल हे ओळखणे

दुहेरी पात्रता एकसारखी नसते. वरच्या टोकाला संपूर्ण मेडिकेड असते, ज्यात मेडिकेअर न देणाऱ्या गोष्टीही मिळतात: दीर्घकाळची घरगुती शुश्रूषा, नर्सिंग होम, डॉक्टरांकडे नेण्या-आणण्याची सोय, आणि काही राज्यांत दात व चष्मा. एसएसआय, म्हणजे गरीब वृद्धांना व अपंगांना केंद्राकडून दरमहा मिळणारे पूरक उत्पन्न, घेणाऱ्यांना बहुतेक राज्यांत ते आपोआप लागू होते. एसएसआयची कमाल रक्कम एकट्याला ९६७ आणि जोडप्याला १,४५० डॉलर होती, आणि मालमत्तेची मर्यादा वर्षानुवर्षे न बदलता २,००० व ३,००० डॉलरवर अडकलेली आहे. अनेक राज्यांनी वृद्धांसाठी याहून सैल मर्यादा ठेवली आहे. न्यू जर्सीत २०२५ मध्ये एकट्याचे उत्पन्न दरमहा १,३०५ डॉलरपर्यंत आणि मालमत्ता ४,००० डॉलरपर्यंत चालत होती, जोडप्यासाठी १,७६३ आणि ६,०००. कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये मालमत्तेची अट काढून टाकली होती, पण १ जानेवारी २०२६ पासून एका व्यक्तीला १,३०,००० डॉलर अशी ती पुन्हा आणली आहे.

खालच्या टोकाला मेडिकेअर बचत कार्यक्रम आहेत, आणि सर्वाधिक घरे नेमकी त्यांच्याकडे दुर्लक्ष करतात. पहिला क्यूएमबी: २०२५ च्या मर्यादेनुसार एकट्याचे उत्पन्न दरमहा १,३२५ डॉलर किंवा जोडप्याचे १,७८३ डॉलरपर्यंत असेल, तर राज्य भाग ए चा हप्ता, भाग बी चा हप्ता, डिडक्टिबल (विमा सुरू होण्याआधी रुग्णाने भरायची रक्कम) आणि सहभागाची रक्कम (प्रत्येक बिलातला रुग्णाचा वाटा) असे सगळेच भरते. सुरुवातीला सांगितलेले ७०३ डॉलर वाचवणारा कार्यक्रम हाच. दुसरा एसएलएमबी, १,५८५ आणि २,१३५ डॉलरपर्यंत. तिसरा क्यूआय, १,७८१ आणि २,४०० डॉलरपर्यंत. हे दोन्ही फक्त भाग बी चा हप्ता भरतात. क्यूआय संपूर्ण मेडिकेडबरोबर मिळत नाही आणि त्याचा निधी मर्यादित असल्याने अर्ज लवकर करावा. तिन्हींसाठी मालमत्तेची केंद्रीय मर्यादा ९,६६० आणि जोडप्यासाठी १४,४७० डॉलर होती, परंतु न्यूयॉर्क, कनेक्टिकट आणि मॅसॅच्युसेट्स ही राज्ये या कार्यक्रमांसाठी मालमत्ता विचारतच नाहीत. पुण्यात फ्लॅट असलेल्या जोडप्यासाठी हडसन नदीचा कोणता काठ आपला, न्यूयॉर्कचा की न्यू जर्सीचा, यावर उत्तर बदलू शकते.

यांपैकी कोणताही लाभ मिळाला की औषधांच्या भाग डी साठीची एक्स्ट्रा हेल्प ही सवलत आपोआप लागू होते. २०२५ मध्ये संपूर्ण मेडिकेड आणि गरिबीरेषेखालचे उत्पन्न असलेल्यांना जेनेरिक औषधामागे जास्तीत जास्त १.६० डॉलर आणि ब्रँडच्या औषधामागे ४.८० डॉलर द्यावे लागत, इतरांना ४.९० आणि १२.१५.

चौथी पायरी: भारतातील पैशांचा हिशेब

अर्जात जगभरातील उत्पन्न आणि मालमत्ता विचारली जाते, आणि खोट्या माहितीवर सही करणे हा गुन्हा आहे. तरीही 'तिकडचे कशाला सांगायचे' हे वाक्य अनेक घरांत सहज बोलले जाते. नागरिकत्वाचे कागद, मुलाची करपत्रके, परदेशी खात्यांत एकत्रित दहा हजार डॉलरहून जास्त रक्कम असल्यास भरावी लागणारी माहिती आणि मेडिकेडचा अर्ज ही सगळी सरकारकडेच जाणारी कागदपत्रे आहेत. त्यांत विसंगती ठेवू नये.

निवृत्तिवेतन, मुदत ठेवींवरचे व्याज आणि घरभाडे हे उत्पन्न धरले जाते. त्यातून महिन्याला २० डॉलर वगळले जातात. कामाच्या कमाईतून आणखी ६५ डॉलर आणि उरलेल्याचा अर्धा भाग. राहते घर, एक गाडी, घरातले सामान आणि अंगावर वापरायचे दागिने मालमत्तेत येत नाहीत, म्हणजे मंगळसूत्र आणि पाटल्या निर्धास्त घालाव्यात. गुंतवणूक म्हणून लॉकरमध्ये ठेवलेली सोन्याची नाणी मात्र मोजली जातात. अंत्यविधीसाठी वेगळी ठेवलेली १,५०० डॉलरपर्यंतची रक्कम वगळता येते. भारतातील ज्या घरात आई-वडील आता राहत नाहीत ते घर राहते घर ठरत नाही.

एक उदाहरण मांडून पाहू. समजा, नागरिक झालेले जोडपे न्यू जर्सीत मुलाकडे राहते. वडिलांना भारतात दरमहा ६०,००० रुपये निवृत्तिवेतन आहे आणि बँकेत आठ लाखांची ठेव आहे. डॉलरला ८५ रुपये धरले तर उत्पन्न साधारण ७०६ डॉलर होते. ते क्यूएमबीच्या आणि संपूर्ण मेडिकेडच्याही मर्यादेखाली आहे. ठेव ९,४१२ डॉलर होते. ती १४,४७० च्या आत असल्याने क्यूएमबी मिळेल, पण ६,००० च्या वर असल्याने संपूर्ण मेडिकेड मिळणार नाही. याच जोडप्याच्या नावावर कोथरूडमध्ये नव्वद लाखांचा रिकामा फ्लॅट असेल तर दोन्ही दारे बंद होतात. त्यांनी फ्लॅट विकून पैसे संपेपर्यंत स्वतःच्या उपचारांवर आणि गरजांवर खर्च करणे वैध आहे. घाईघाईने तो मुलाच्या नावावर बक्षीसपत्राने करून देण्याचे परिणाम मात्र वेगळे आहेत: एसएसआयसाठी अशा हस्तांतरामुळे ३६ महिन्यांपर्यंत अपात्रता येऊ शकते, आणि नर्सिंग होमच्या मेडिकेडसाठी मागच्या ६० महिन्यांतील सर्व हस्तांतरे तपासली जातात. इथे वृद्धांच्या कायद्याचे काम करणाऱ्या वकिलाची फी देणे स्वस्त पडते.

संयुक्त खाती हा आपल्याकडचा खास अडथळा आहे. मुलाच्या ठेवीवर आईचे नाव पहिले, किंवा सोयीसाठी अमेरिकेतील बचत खात्यावर वडिलांचे नाव जोडलेले, असे घरोघरी असते. एसएसआयच्या नियमाने अशा खात्यातली सर्व रक्कम अर्जदाराची मानली जाते. ती आपली नाही हे सिद्ध करता येते, पण पैसे कोठून आले, कोणी काढले, व्याजावर कर कोणी भरला याची कागदपत्रे लागतात. अर्जाच्या बऱ्याच आधी ज्याचे पैसे त्याच्या नावावर, अशी खाती वेगळी करून घ्यावीत.

मुलाने आई-वडिलांच्या खात्यात दरमहा पैसे टाकले तर ते त्यांचे उत्पन्न होते. त्याऐवजी त्यांचे फोनचे बिल, विमानाचे तिकीट, चष्मा यांचे पैसे थेट विक्रेत्याला द्यावेत. अन्न आणि निवारा सोडून इतर वस्तूंसाठी असे दिलेले पैसे उत्पन्नात येत नाहीत. अन्नाच्या बाबतीत ३० सप्टेंबर २०२४ पासून एसएसआयचा नियम सैल झाला आहे. फुकट निवाऱ्यामुळे एसएसआयची रक्कम अजूनही कमी होऊ शकते.

पाचवी पायरी: अर्ज

ज्यांना भाग ए विनाहप्ता मिळतो त्यांचे काम सरळ आहे: मेडिकेअर सुरू झाले की राज्याच्या मेडिकेड कार्यालयात बचत कार्यक्रमाचा अर्ज द्यावा. सोशल सिक्युरिटीकडे एक्स्ट्रा हेल्पचा अर्ज केला तर, आपण नको म्हटले नसल्यास, तीच माहिती राज्याकडे बचत कार्यक्रमाचा अर्ज म्हणून जाते, त्यामुळे ज्यांना दोन ठिकाणी फिरणे जमत नाही त्यांनी निदान तो एक अर्ज करावा.

भाग ए साठी पैसे मोजावे लागणाऱ्यांची अडचण चक्राकार आहे. क्यूएमबी मिळायला भाग ए लागतो, आणि भाग ए परवडायला क्यूएमबी लागतो. यावर तोड म्हणजे सशर्त नोंदणी. सोशल सिक्युरिटीच्या कार्यालयात जाऊन, राज्याने क्यूएमबी मंजूर केले तरच मला भाग ए हवा, अन्यथा नको, असे स्पष्ट सांगून अर्ज द्यायचा आणि त्याची पोच घेऊन मेडिकेड कार्यालयात जायचे. बहुसंख्य राज्यांचा केंद्राशी भाग ए साठी करार आहे. तिथे हे वर्षभरात केव्हाही करता येते. कॅलिफोर्निया २०२५ मध्ये या राज्यांत सामील झाले. करार नसलेल्या राज्यांत सशर्त नोंदणी जानेवारी ते मार्च याच काळात करावी लागते. खिडकीवरच्या कर्मचाऱ्याला ही पद्धत ठाऊक नसण्याची शक्यता बरीच असते, तेव्हा या पद्धतीचे नाव सांगून आग्रह धरावा आणि नकार मिळाल्यास वरिष्ठांना भेटावे.

सोबत न्यायची कागदपत्रे म्हणजे सोशल सिक्युरिटी क्रमांक, ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्वाचे प्रमाणपत्र, पासपोर्ट, मेडिकेअर कार्ड, राहत्या पत्त्याचा पुरावा, दोन्ही देशांतील बँकांची विवरणे, निवृत्तिवेतनाची पावती आणि विमा पॉलिसी. मराठीतील सातबारा किंवा वारसाची कागदपत्रे दाखवायची असल्यास इंग्रजी भाषांतर जोडावे. मराठी दुभाषा विनामूल्य मागण्याचा हक्क आहे. तो फोनवर मिळतो आणि नातवाला भाषांतराला बसवण्यापेक्षा पुष्कळ बरा. प्रत्येक राज्यात शिप या नावाने चालणारी विनामूल्य सल्ला सेवा आहे. तिथले सल्लागार विमा विकत नाहीत, म्हणून एजंटच्या आधी त्यांना फोन करावा. राष्ट्रीय क्रमांक १-८७७-८३९-२६७५ आहे.

मेडिकेडने निर्णय साधारण ४५ दिवसांत द्यावा असा नियम आहे, अपंगत्व ठरवायचे असल्यास ९०. क्यूएमबी मंजुरीनंतरच्या महिन्यापासून लागू होते. एसएलएमबी आणि क्यूआय मागच्या तीन महिन्यांपर्यंत लागू होऊ शकतात, म्हणजे भरलेले हप्ते परत मिळतात.

मंजुरीनंतर

डॉक्टरांकडे दोन्ही कार्डे दाखवावीत. क्यूएमबी असलेल्या व्यक्तीकडून मेडिकेअरच्या उपचारांसाठी डिडक्टिबल किंवा सहभागाची रक्कम मागणे केंद्रीय कायद्याने मना आहे, डॉक्टर मेडिकेड घेत नसले तरीही. राज्याकडून डॉक्टरांना कमी पैसे मिळतात, म्हणून काही दवाखाने तरीही बिल पाठवतात. ते भरू नये. आधी दवाखान्याला क्यूएमबी असल्याचे कळवावे आणि तरीही तगादा सुरू राहिला तर मेडिकेअरच्या १-८००-६३३-४२२७ या क्रमांकावर तक्रार करावी.

कार्ड हाती पडताच दुहेरी पात्र लोकांसाठीच्या खास ॲडव्हान्टेज योजनांचे, म्हणजे डी-स्निपचे, एजंट फोन करू लागतात. दात, चष्मा, किराण्यासाठी दरमहा काही रक्कम अशी आमिषे खरीही असतात, परंतु त्या बदल्यात ठरावीक डॉक्टरांचे जाळे आणि पूर्वपरवानग्या येतात. आईचे हृदयरोगतज्ज्ञ त्या जाळ्यात आहेत का, हा एकच प्रश्न किराण्याच्या कार्डापेक्षा महत्त्वाचा आहे. चूक झाली तर दुहेरी पात्र लोकांना २०२५ पासून महिन्यातून एकदा मूळ मेडिकेअरकडे परतण्याची मुभा आहे.

वयाच्या ५५ व्या वर्षानंतर घेतलेल्या नर्सिंग होमसारख्या दीर्घकालीन सेवांचा खर्च राज्य मृत्यूनंतर मालमत्तेतून वसूल करू शकते. बचत कार्यक्रमांतून भरलेले हप्ते २०१० पासून या वसुलीतून वगळलेले आहेत, त्यामुळे या भीतीपोटी क्यूएमबी नाकारण्याचे कारण नाही.

भारतात जाताना

मेडिकेअर किंवा मेडिकेड भारतातील उपचारांचे पैसे देत नाही. मेडिकेडसाठी त्या राज्याचे रहिवासी असणे आवश्यक आहे, आणि एसएसआय सलग ३० दिवस देशाबाहेर राहिल्यावर थांबते. परतल्यावर पुन्हा सलग ३० दिवस इथे काढल्याशिवाय सुरू होत नाही. सहा महिने इकडे आणि सहा महिने तिकडे राहणाऱ्या आई-वडिलांना म्हणूनच मेडिकेड आणि एसएसआय नीट बसत नाहीत. नागरिकत्वाच्या आधी सहा महिन्यांहून लांब मुक्काम केला तर सलग वास्तव्य तुटल्याचे गृहीत धरले जाते, आणि मेडिकेअरच्या पाच वर्षांवरही प्रश्न येऊ शकतो.

पात्रतेची फेरतपासणी सहसा वर्षातून एकदा होते आणि तिचा लिफाफा नोंदलेल्या पत्त्यावर टपालाने येतो. आई-वडील दिवाळीसाठी पुण्यात असताना तो न उघडलेला राहिला, की पात्र असूनही नाव कापले जाते. जाण्यापूर्वी मुलाला किंवा सुनेला अधिकृत प्रतिनिधी म्हणून नोंदवावे, म्हणजे उत्तर त्यांना देता येईल. नकाराचे किंवा लाभ बंद होण्याचे पत्र आले तर सुनावणी मागण्याची मुदत त्या पत्रातच छापलेली असते. लाभ बंद होण्याच्या तारखेआधी सुनावणी मागितली, तर निकाल लागेपर्यंत लाभ चालू ठेवण्याची विनंती त्याच अर्जात करता येते.